एजंटने मॉडेलमध्ये अवस्था घातल्या की जुनी संक्रमणे भलतीकडे वळतात : कारण, तपास आणि दुरुस्ती

यंत्राच्या अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची संक्रमणे मांडणाऱ्या मॉडेलवरून पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा) कोड तयार करणाऱ्या प्रकल्पांत एजंटकडे कामे सोपवायला लागल्यापासून एक बिघाड आमच्यासमोर वारंवार आला आहे. एजंटला सांगितलेले काम तो नीट करतो, मॉडेलची फाइल कोणतीही तक्रार न करता उघडते, कोड तयार होतो, चाचण्या उत्तीर्ण होतात. आणि तरीही ज्या भागाला त्याने हातही लावलेला नसतो, तो भाग यंत्रावर वेगळाच वागू लागतो. या बिघाडाचे खरे कारण सापडायला आम्हाला बराच काळ लागला, आणि पहिल्यांदा केलेली दुरुस्ती अर्धवट निघाली. म्हणून तपासाची सगळी वाट येथे मांडत आहे.

आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. औद्योगिक स्वयंचलनात ‘एजंट’ हा शब्द जुना आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या फिपा या संस्थेची मानके आणि त्यांवर उभी राहिलेली जेड ही चौकट ज्यांनी वापरली आहे, त्यांना या शब्दावरून एकमेकांना संदेश पाठवणारे स्वायत्त प्रोग्रॅम आठवतील. येथे मात्र एजंट म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारा, प्रकल्पाच्या फाइली वाचणारा, बदलणारा आणि बिल्ड चालवून पाहणारा सहायक, एवढाच अर्थ घ्यावा.

बिघाड कसा दिसतो

आमचे काम पुण्याजवळच्या एका यंत्रनिर्मात्यासाठी होते. यंत्र पॅकेजिंगचे असल्यामुळे नियंत्रणाचा सांगाडा पॅकएमएलच्या, म्हणजे पॅकेजिंग यंत्रांसाठीच्या आयएसए-टीआर८८.००.०२ या तांत्रिक अहवालातल्या, अवस्थांवर बेतलेला होता. पॅकएमएलमध्ये एकूण १७ अवस्था आहेत, पण प्रत्येक यंत्राला त्या सगळ्या लागतातच असे नाही. आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये १४ अवस्था होत्या. सस्पेंडिंग, सस्पेंडेड आणि अनसस्पेंडिंग या तीन अवस्था सुरुवातीला वगळल्या होत्या. मॉडेल एक्लिप्स या विकास-साधनातल्या ईएमएफ या मॉडेलिंगच्या चौकटीवर आधारित होते, फाइल एक्सएमआय या एक्सएमएलवर आधारलेल्या स्वरूपात साठवली जात होती आणि तिच्यावरून आयईसी ६११३१-३ मधल्या स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषेतला कोड तयार होत होता.

पुढे ग्राहकाने यंत्र एकापुढे एक यंत्रे असलेल्या मोठ्या उत्पादन-साखळीत जोडले. पुढचे यंत्र अडले की आमच्या यंत्राने थांबावे आणि वाट मोकळी झाली की आपोआप पुन्हा सुरू व्हावे, यासाठी वगळलेल्या तीन अवस्था आवश्यक झाल्या. त्या वाढवण्याचे काम एजंटला दिले. त्याने त्या एक्झिक्यूट आणि होल्डिंग यांच्यामध्ये व्यवस्थित घातल्या, त्यांची स्वतःची संक्रमणेही बरोबर लिहिली. गिटमधला डिफ, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतला फरक, इतका लहान आणि स्वच्छ होता, की तपासणाऱ्या सहकाऱ्याने तो काही मिनिटांत मंजूर केला.

चाचणीच्या टेबलावर स्टॉपची आज्ञा दिल्यावर यंत्र थांबण्याऐवजी अनहोल्डिंगमध्ये गेले आणि तिथून पुन्हा एक्झिक्यूटमध्ये आले, म्हणजे चालूच राहिले. बॅच संपल्यावर ते कंप्लीटिंगऐवजी होल्डिंगमध्ये जात होते. आपत्कालीन थांब्याचे सर्किट या कोडपासून पूर्णपणे वेगळे आणि तारांनी जोडलेले होते, त्यामुळे त्याच्यावर याचा परिणाम नव्हता. परंतु स्टॉपचे बटण दाबूनही यंत्र चालू राहते, हा दोष अत्यंत गंभीर आहे, आणि तो टेबलावर सापडला म्हणूनच ही पोस्ट शांतपणे लिहिता येत आहे.

कारण

ईएमएफमध्ये वेगळे काही सांगितले नसेल, तर एका घटकाने दुसऱ्याकडे केलेला निर्देश फाइलमध्ये नावाने लिहिला जात नाही, तर स्थानाने लिहिला जातो. मुळापासून खाली ‘अवस्था’ या यादीत जायचे आणि तिथला पाचव्या क्रमांकाचा घटक घ्यायचा, अशा आशयाचा तो छोटा मार्ग असतो, आणि मोजणी शून्यापासून होते. आमच्या जुन्या यादीत होल्डिंग ५, हेल्ड ६, अनहोल्डिंग ७, कंप्लीटिंग ८, कंप्लीट ९, स्टॉपिंग १० आणि ॲबॉर्टिंग ११ या क्रमांकांवर होत्या. पाचव्या जागेपासून तीन नव्या अवस्था घातल्याबरोबर होल्डिंगपासूनची प्रत्येक अवस्था तीन घरे पुढे सरकली, पण फाइलमध्ये इतरत्र लिहिलेले क्रमांक होते तसेच राहिले. स्टॉपच्या संक्रमणात १० लिहिलेले होते; नव्या यादीत १० वर अनहोल्डिंग आली. कंप्लीटिंगसाठी ८ लिहिलेले होते. तिथे आता होल्डिंग होती.

मॉडेलच्या संपादकातून, म्हणजे एक्लिप्सच्या ट्री एडिटरमधून किंवा आकृतीवरून, हाच बदल केला असता तर काहीच बिघडले नसते. संपादक फाइल स्मृतीत वाचतो, तिथे संक्रमण थेट अवस्थेच्या वस्तूला जोडलेले असते, आणि जतन करताना ईएमएफ सगळे क्रमांक नव्याने मोजून लिहितो. एजंटने मात्र एक्सएमआय फाइल ही साधी मजकूर-फाइल मानून तिच्यात ओळी घातल्या. त्याच्याकडून ही चूक का होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मोठी फाइल तो पूर्ण वाचत नाही, शोध घेऊन आवश्यक तेवढा तुकडा वाचतो. ज्या क्रमांकांना बदलाची झळ बसणार असते ते त्या तुकड्याच्या बाहेर असतात. आणि फाइलमध्ये कुठेही ‘हे क्रमांक यादीतल्या स्थानावर अवलंबून आहेत’ असे लिहिलेले नसते.

ईएमएफ याबद्दल तक्रार का करत नाही, हा प्रश्न साहजिकपणे पडतो. निर्देश केलेल्या क्रमांकावर काहीच नसेल, तरच न सुटलेल्या संदर्भाची त्रुटी येते. यादी लांबली असेल तर प्रत्येक जुन्या क्रमांकावर काही ना काही सापडतेच, ते योग्य प्रकारचेही असते, आणि वाचणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने फाइल निर्दोष ठरते. उलट, मधली अवस्था काढून टाकली आणि यादीतल्या शेवटच्या अवस्थेकडे कोणाचा निर्देश असेल, तर तेवढीच एक त्रुटी दिसते आणि बाकीचे चुकलेले निर्देश तिच्याआड दडून राहतात.

काही संघांना हा अनुभव कधीच येत नाही, आणि त्याचेही कारण यातच आहे. एजंटने नवा घटक यादीच्या शेवटी घातला तर कोणताच क्रमांक सरकत नाही. आमच्याकडे आधीची तीन-चार कामे अशीच सुरळीत पार पडली होती, आणि त्यामुळेच आमचा विश्वास वाढला होता. शिवाय सुरुवातीला आम्ही एजंटची परीक्षा मेटामॉडेलच्या (मॉडेलमध्ये कोणते घटक असू शकतात हे ठरवणाऱ्या वर्णनाच्या), म्हणजे ईकोअरच्या, फाइलवर घेतली होती. ईकोअर स्वतःच्या वर्गांकडे नावाने निर्देश करतो, स्थानाने नाही. त्यामुळे त्या परीक्षेचा निष्कर्ष आमच्या स्वतःच्या मॉडेलला लागू होत नव्हता, हे आमच्या ध्यानात आले नाही.

चाचण्या का उत्तीर्ण झाल्या, हे शेवटचे. आमच्या एकक चाचण्यांचा मोठा भाग त्याच मॉडेलवरून तयार होत होता. मॉडेल म्हणते की स्टॉपनंतर अनहोल्डिंग. कोडही तेच करतो. चाचणीही तेच अपेक्षिते. कोड आणि चाचणी यांचा उगम एकच असेल, तर त्या चाचणीने कोड जनरेटरमधली चूक पकडता येते, मॉडेलमधली नाही.

हाताने केलेली दुरुस्ती आणि तिच्यात राहिलेली चूक

दोष दिसल्यावर आम्ही पहिल्यांदा जे केले, ते कोणीही करू नये. दिसलेली चुकीची संक्रमणे एकेक करून हाताने दुरुस्त केली : स्टॉप, कंप्लीट, ॲबॉर्ट, क्लिअर. टेबलावरच्या सगळ्या आज्ञा पुन्हा दिल्या. होल्ड दिल्यावर यंत्र थांबले, अनहोल्ड दिल्यावर सुरू झाले. काम झाले असे वाटले.

वास्तविक होल्डची तीनही संक्रमणे अजून चुकीचीच होती. होल्डिंगचा ५ आता सस्पेंडिंगवर, हेल्डचा ६ सस्पेंडेडवर आणि अनहोल्डिंगचा ७ अनसस्पेंडिंगवर निर्देश करत होता. या दोन्ही साखळ्यांचा आकार सारखाच असल्यामुळे बाहेरून वागणूक अगदी बरोबर दिसत होती. फरक अर्थात होता. यंत्राच्या अंतर्गत कारणासाठी, उदाहरणार्थ ऑपरेटरला साहित्य भरायचे असताना, यंत्र हेल्डमध्ये जाते आणि अशा वेळी ते सहसा ऑपरेटरने सांगितल्यावरच पुन्हा सुरू केले जाते. सस्पेंडेड ही बाहेरच्या कारणासाठीची अवस्था आहे आणि ते कारण दूर होताच यंत्र आपोआप सुरू होऊ शकते. म्हणजे ऑपरेटरने होल्ड देऊन यंत्राजवळ काम करावे, आणि पुढच्या यंत्राची वाट मोकळी असल्याचा सिग्नल येताच यंत्र त्याच्यासमोर चालू व्हावे, अशी स्थिती त्या कोडमध्ये होती. ती लक्षात आली ती स्क्रीनवर दाखवल्या जाणाऱ्या अवस्थेच्या नावामुळे, आणि तीही दोन दिवसांनी.

म्हणून या बिघाडात दिसतील तेवढे निर्देश सुधारून थांबू नये. सरकलेला प्रत्येक क्रमांक संशयित आहे, मग वागणूक बरोबर दिसो वा न दिसो.

तुमच्याकडे हाच बिघाड आहे का, हे कसे तपासावे

पहिली खूण डिफमध्येच आहे, आणि ती आपल्या नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध आहे. स्थानावर आधारलेल्या फाइलमध्ये यादीच्या मध्ये घटक घालणे, हा बदल योग्य साधनाने केला असेल तर डिफ मोठा आणि गोंगाटाचा यायलाच हवा, कारण पुढचे सगळे क्रमांक बदललेले असतात. मध्ये घटक आला आहे आणि डिफमध्ये फक्त त्या घटकाच्याच ओळी आहेत, असे दिसले तर फाइल हाताने किंवा एजंटने मजकूर म्हणून बदलली आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे. लहान डिफ म्हणजे सुरक्षित डिफ, हा कोडच्या बाबतीतला अनुभव येथे दिशाभूल करतो.

दुसरी आणि अधिक भरवशाची तपासणी म्हणजे संक्रमणांची नावानिशी यादी. बदलाआधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाइली ईएमएफने वाचाव्यात, आणि प्रत्येक संक्रमणासाठी ‘एक्झिक्यूट, होल्ड, होल्डिंग’ अशी एक ओळ, म्हणजे कुठून, कोणत्या आज्ञेने, कुठे, छापावी. दोन्ही याद्या वर्णक्रमाने लावून त्यांची तुलना करावी. नव्या संक्रमणांच्या ओळी वाढलेल्या दिसाव्यात आणि जुन्यांपैकी एकही बदललेली नसावी. हा प्रोग्रॅम लहान आहे, एका बैठकीत लिहून होतो, आणि मला विचाराल तर या सगळ्या उपायांत सर्वांत जास्त फळ देणारा हाच आहे. आम्ही ती यादी आता मॉडेलशेजारी गिटमध्येच ठेवतो आणि प्रत्येक बिल्डमध्ये नव्याने तयार करून पडताळतो. तपासणारा सहकारी एक्सएमआय वाचत नाही, ही यादी वाचतो.

ईएमएफ कंपेअर हे साधन हाती असेल तर तेही उपयोगी पडते, कारण ते ओळींऐवजी घटकांची तुलना करते. मात्र घटकांना कायमची ओळख नसेल, तर ते साम्यावरून जोड्या लावते, आणि एकसारखे दिसणारे अनेक घटक असतील तर त्या जोड्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

दुरुस्ती

फाइल नुकतीच बिघडली असेल तर आधीची आवृत्ती परत आणावी आणि तोच बदल संपादकातून करावा. बिघाडानंतर आणखी बदल साचले असतील, तर जुनी चांगली आवृत्ती आणि सध्याची आवृत्ती एकाच वेळी स्मृतीत वाचून, दोन्हींत असलेल्या प्रत्येक संक्रमणाचे लक्ष्य जुन्या आवृत्तीतल्या नावावरून नव्या आवृत्तीत पुन्हा जोडणारा एक तात्पुरता प्रोग्रॅम लिहावा. मधल्या काळात जी लक्ष्ये जाणीवपूर्वक बदलली असतील, ती वेगळी काढून माणसाने पाहावीत. आकृत्या सिरियस या एक्लिप्सच्या आकृती-साधनात काढलेल्या असतील तर त्यांची फाइलही मॉडेलमधल्या घटकांकडे याच प्रकारे निर्देश करते, त्यामुळे आकृतीत एका अवस्थेच्या चौकटीत दुसरीच अवस्था दिसत असेल, तर तोही याच बिघाडाचा भाग आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून

एजंटला सूचनांमध्ये ‘घटक घातल्यावर सगळे क्रमांक नव्याने मोजावेत’ असे लिहून पाहिले. लहान फाइलवर ते चालले आणि मोठ्या फाइलवर चालले नाही. मोजणीचे काम सूचनेवर सोपवणे हा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. दोन गोष्टी मुळातून बदलाव्या लागतात : निर्देशाला स्थानापेक्षा टिकाऊ आधार देणे, आणि एजंटला फाइलऐवजी मॉडेल हाताळू देणे.

पहिल्यासाठी ईएमएफमध्ये तीन वाटा आहेत. रिसोर्सच्या, म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्याच्या, वर्गात यूयूआयडी (आपोआप तयार होणारी, एकमेव अशी ओळख) वापरण्याची सोय सुरू केली की प्रत्येक घटकाला फाइलमध्ये स्वतंत्र ओळख मिळते आणि निर्देश तिच्यावरून लिहिले जातात. किंवा मेटामॉडेलमधल्या एखाद्या गुणधर्माला ओळख म्हणून घोषित करता येते. किंवा यादीच्या संदर्भावर किल्ली ठरवून देता येते, म्हणजे मार्गात क्रमांकाऐवजी अवस्थेचे नाव येते. पॅकएमएलमध्ये नावे ठरलेली असल्यामुळे आम्हाला तिसरी वाट आकर्षक वाटली होती, पण इतर यादीतल्या घटकांची नावे बदलत राहतात, म्हणून आम्ही यूयूआयडी निवडले. यात एक खाचखळगा आहे. बदललेला रिसोर्स वर्ग फक्त संपादकात नोंदवला आणि कमांड लाइनवरून चालणाऱ्या जनरेटरमध्ये किंवा एजंटच्या साधनांत नोंदवायचा राहिला, तर तिथून जतन केलेल्या नव्या घटकांना ओळख मिळत नाही, आणि त्यांच्याकडचे निर्देश पुन्हा स्थानावर येतात. अशी मिश्र फाइल आधीच्यापेक्षाही फसवी असते.

यूयूआयडी आले तरी एजंटने मजकूर बदलणे सुरक्षित होत नाही. सारखा घटक हवा असला की तो आधीचा तुकडा ओळखीसकट उतरवून ठेवतो, आणि दोन घटकांची ओळख एक होते. मेटामॉडेलमध्ये घोषित केलेल्या ओळखीची पुनरावृत्ती ईएमएफच्या मूळ पडताळणीत पकडली जाते. रिसोर्सने दिलेल्या यूयूआयडीची मात्र पकडली जात नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागते.

म्हणून दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. एजंटची मॉडेलच्या फाइलवर लिहिण्याची परवानगी काढून घेतली आणि त्याच्या हाती मोजक्या क्रिया दिल्या : अवस्थांची यादी मागणे, अवस्था वाढवणे, दोन नावे आणि आज्ञा देऊन संक्रमण जोडणे, नाव बदलणे, आणि कोणाचा निर्देश नसेल तरच घटक काढणे. प्रत्येक क्रिया मॉडेल ईएमएफने वाचते, बदल करते, पडताळणी चालवते आणि त्रुटी नसेल तरच जतन करते. अशी साधने एजंटला जोडण्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल सोयीचा आहे, पण साधा कमांड लाइन प्रोग्रॅमही पुरतो. त्रुटींच्या संदेशांवर मात्र मेहनत घ्यावी. ‘अवैध मूल्य’ असा संदेश मिळाला की एजंट अंदाज बांधत बसतो. ‘होल्ड नावाची अवस्था नाही, होल्डिंग आणि हेल्ड आहेत’ असा मिळाला की पुढच्याच प्रयत्नात बरोबर करतो.

पडताळणीचे नियम ओसीएल या मॉडेलवरच्या अटी लिहिण्याच्या भाषेत लिहून मेटामॉडेललाच जोडता येतात. एक्झिक्यूटमधून होल्डने होल्डिंगमध्येच जावे. ॲबॉर्टिंग आणि ॲबॉर्टेड वगळता प्रत्येक अवस्थेतून ॲबॉर्टने ॲबॉर्टिंगमध्ये जाता यावे. सुरुवातीच्या अवस्थेपासून प्रत्येक अवस्थेला पोहोचता यावे. यांतला पहिला नियम आमच्याकडे आधीपासून असता, तर होल्डची ती लपलेली चूक जतन करतानाच अडली असती. हे नियम मॉडेलवरून तयार होत नाहीत, ते मानक वाचून माणसाने लिहिलेले असतात, म्हणूनच त्यांना किंमत आहे.

नवा प्रकल्प सुरू करणाऱ्यांना मी एक्सटेक्स्टसारखी मजकुराची भाषा सुचवेन. तिथे निर्देश नावानेच लिहिला जातो, क्रमाला अर्थ नसतो, आणि चुकलेले नाव ‘सापडत नाही’ म्हणून लगेच उघडे पडते. एजंटलाही असा मजकूर वाचणे आणि लिहिणे सोपे जाते. चालू असलेला आकृत्यांचा प्रकल्प केवळ यासाठी तिकडे हलवावा, असे मात्र मी म्हणणार नाही.

याच्याच जोडीने येणारी तक्रार म्हणजे एजंट तयार झालेला स्ट्रक्चर्ड टेक्स्टच दुरुस्त करतो, आणि पुढच्या बिल्डमध्ये ती दुरुस्ती पुसली जाते. त्यासाठी तयार कोडचा फोल्डर त्याच्यासाठी फक्त वाचनाचा करावा आणि बिल्डमध्ये कोड पुन्हा तयार करून फरक आढळल्यास बिल्ड थांबवावे, एवढे पुरे.

यूयूआयडीवर जाताना जुन्या फाइली एकदा वाचून पुन्हा जतन कराव्या लागतात. हे काम एकाच व्यक्तीने, एकाच शाखेवर, बाकीच्या शाखा आधी विलीन करून घेऊन करावे. दोघांनी आपापल्या शाखेवर वेगवेगळे केले, तर एकाच अवस्थेला दोन ओळखी मिळतात आणि विलीनीकरणाच्या वेळी ती दोन वेगळ्या अवस्था असल्यासारखी फाइलमध्ये शेजारी शेजारी उभी राहते. रूपांतराआधीची आणि नंतरची संक्रमणांची नावानिशी यादी अक्षरशः सारखी आली, की मगच ती शाखा मुख्य शाखेत घ्यावी.